तक्रार करणाऱ्या रुग्णाच्या बाजूने

नैराश्यावरील औषधांच्या उपद्रवांविषयी मराठीत एक छोटेखानी पुस्तक व्हावे आणि त्याला प्रस्तावना लिहिण्याचे काम, वैद्यकशास्त्राशी ज्याचा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा आहे अशा माणसाकडे यावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल, मलाही वाटले. पुस्तकाचे लेखक मनोविकारतज्ज्ञ, त्यांच्या सहलेखिका समुपदेशनाचे काम करणाऱ्या, आणि मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षे कागद वाचून, नोंदवून आणि शिवून निवृत्त झालेला एक शिरस्तेदार. परंतु त्या दोघांनी आग्रहाचे जे कारण दिले ते मला खोडता आले नाही. ते म्हणाले, औषध देणाऱ्याने प्रस्तावना लिहिली तर ती औषधाची वकिली ठरेल आणि औषध भिरकावून दिलेल्याने लिहिली तर ती फिर्याद ठरेल. तुम्ही औषध घेतलेत, मध्येच लपूनछपून सोडलेत, पुन्हा घेतलेत आणि अखेर रीतसर थांबवलेत, तेव्हा दोन्ही पक्षांचे कागद तुमच्या एकट्याच्याच दप्तरात आहेत.

प्रथम शब्दाचा निवाडा करणे भाग आहे. 'साइड इफेक्ट' या शब्दाला आपण 'दुष्परिणाम' हा प्रतिशब्द रूढ केला आणि एक उपसर्ग जोडून, साक्षीपुरावा होण्यापूर्वीच निकाल देऊन टाकला. मूळ इंग्रजी शब्दात केवळ बाजूला घडणारे एवढाच अर्थ आहे. तोही तसा भाबडाच, कारण पोटात गेलेल्या गोळीला हमरस्ता कोणता आणि गल्ली कोणती हे ठाऊक नसते. ती रक्तावाटे सर्वत्र जाते आणि जिथे जिथे तिला आपल्या जातीचे कुलूप सापडते तिथे तिथे किल्ली फिरवून पाहते. तिने उघडलेल्या दारांपैकी मुख्य कोणते व आनुषंगिक कोणते हे आपली त्या वेळची नड ठरवते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन या जुन्या औषधाने येणारी गुंगी शाळामास्तराला शाप वाटेल आणि तीन महिने ज्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही त्याला तीच प्रसादासारखी वाटेल. शिवाय हेच औषध अल्प मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनांवर आणि अर्धशिशीवर दिले जाते, तेव्हा मनावरील परिणाम हाच तिथे बाजूला पडतो. या कारणास्तव मी पुढे बहुधा 'उपद्रव' हा आयुर्वेदाला परिचित असलेला शब्द वापरला आहे. त्यात त्रासाची कबुली आहे, पण आरोप नाही.

किंबहुना या औषधांचे कूळच उपद्रवातून निघाले आहे, आणि ही वंशावळ ज्याला माहीत नाही त्याला पुढचा विषय अर्धाच कळेल. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंड या बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देऊन पाहण्यात येत होते. फुप्फुसांचे काय झाले ते झाले, पण महिनोन्‌महिने खाटेला खिळलेले रोगी उठून बसू लागले, जास्तीचे जेवण मागू लागले, एकमेकांची थट्टा करू लागले. आणि वॉर्डात आनंदाने नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. डॉक्टरांच्या टिपणवहीत हा आनंद उपद्रवाच्या सदरात जमा झाला. तो त्या सदरातून काढून मुख्य परिणामाच्या सदरात लिहिण्यास १९५७ साल उजाडावे लागले. नेथन क्लाइन आदी वैद्यांनी त्या साली हे औषध खिन्न रोग्यांना देऊन त्याचे निष्कर्ष मांडले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात काम करणाऱ्या रोलंड कून याने इमिप्रामिनची हकिकत प्रसिद्ध केली. ते औषध छिन्नमनस्कतेवर चालावे म्हणून आले होते. तिथे ते नापास झाले आणि नैराश्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. झुरिच येथे भरलेल्या जागतिक मनोवैद्यक परिषदेत कूनने हे वाचून दाखवले तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते, असे सांगतात.

या वंशावळीत एक शाखा आपल्या मुंबईची आहे आणि तिचा उल्लेख मराठी पुस्तकात तरी गाळता कामा नये. सर्पगंधा ही आपल्या वैद्यांच्या बटव्यातली जुनी मुळी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या रक्तदाबावरील गुणाविषयीचा आपला लेख १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि तिच्याकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरला, पण काही रोग्यांचे मनही त्याबरोबर उतरले. ते गप्प झाले, रडू लागले. रिसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन यांचा साठा आटतो असे प्रयोगशाळेत आढळले, तिकडे आयप्रोनियाझिडमुळे त्यांचा नाश थोपतो असे दिसले, आणि या दोन उपद्रवांची सांगड घालून, नैराश्य म्हणजे या द्रव्यांचा तुटवडा, असा सिद्धांत उभा राहिला. हा सिद्धांत आज पहिल्यासारखा ताठ उभा नाही. डॉक्टर मंडळी रोग्याची समजूत घालताना अजूनही 'मेंदूत एक रसायन कमी पडलंय' असे म्हणतात. ते दिलासा म्हणून ठीक आहे, शास्त्र म्हणून फार सोपे आहे. औषधाचा गुण येतो हे खरे, तो नेमका कसा येतो हे त्या एका वाक्यात मावत नाही.

मला मात्र या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो चीजचा किस्सा. आयप्रोनियाझिडच्या कुळातील औषधे घेणाऱ्या काही रोग्यांना एकाएकी ठणकणारी भयंकर डोकेदुखी होई, रक्तदाब आकाशाला भिडे, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवे. कारण कोणालाच उमगत नव्हते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल या उमेदवारीच्या वयातल्या डॉक्टराने याविषयी एका नियतकालिकात लिहिले, तेव्हा नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टचे त्याला पत्र आले. त्याची बायको हे औषध घेत असे, आणि तिने चीज खाल्ले की तिचे डोके फुटू लागते हे नवऱ्याने टिपून ठेवले होते. दुधाने वा लोण्याने तसे होत नाही, हेही त्याने लिहिले होते. विद्वान मंडळींनी आरंभी पत्र हसण्यावारी नेले. पुढे तपास केला तेव्हा ते अक्षरशः खरे निघाले: मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचे द्रव्य असते, एरवी शरीर ते परस्पर निकालात काढते, आणि हे औषध नेमक्या त्याच निकाल लावणाऱ्या विकराला जखडून ठेवते. १९६३ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्या औषधांबरोबर पथ्याची यादी आली. बायकोच्या डोकेदुखीची नोंद घेणारा हा गृहस्थ माझ्या लेखी या शास्त्राचा एक मानकरी आहे. त्याने प्रयोगशाळेत काही शोधले नव्हते. त्याने तक्रार गंभीरपणे घेतली, एवढेच.

आणि इथेच आपले घोडे अडते. आपल्या घरांत 'सोशिक' हे विशेषण ज्या आदराने उच्चारले जाते तो आदर दुसऱ्या फारच थोड्या विशेषणांच्या वाट्याला येतो. दुखणे अंगावर काढणारी सासू, ताप असताना पाणी भरणारी आई, 'काही नाही, जरा कणकण आहे' म्हणणारे वडील, यांच्या कथा आपण पुढच्या पिढीला कौतुकाने सांगतो. त्यात नैराश्याचा रोगी तर जात्याच तक्रारीस नालायक झालेला असतो, कारण ज्याला आपले असणेच इतरांवर भार वाटते तो माणूस 'माझ्या तोंडाला कोरड पडते' असली क्षुल्लक फिर्याद घेऊन डॉक्टरांचा वेळ कशास खाईल? आणि समजा त्याने धीर करून ती मांडलीच, तर 'मनाचं आहे सगळं' या शेऱ्यानिशी ती दाखल होण्यापूर्वीच निकालात निघण्याचा संभव मोठा. सबब रोगी बोलत नाही. तो गोळी बंद करतो. तेही न सांगता. उपद्रवाने जेवढे उपचार बुडवले नसतील तेवढे या न सांगण्याने बुडवले असावेत, असा माझा अंदाज आहे, आणि या पुस्तकाचे लेखकही या अंदाजाशी सहमत आहेत.

माझी स्वतःची जबानी थोडक्यात अशी. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मला या आजाराने गाठले. डॉक्टरांनी सर्ट्रालिन लिहून दिले. पहिल्याच सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली आणि दुपारपर्यंत मळमळ, पातळ जुलाब, हातांना सूक्ष्म कंप आणि दातावर दात घट्ट बसलेले, अशी अवस्था झाली. आठ दिवस मी हे कोणास सांगितले नाही. नवव्या दिवसापासून गोळी पाकिटातून काढून कुंडीत पुरू लागलो. आमच्या सूनबाईंनी पंधरवड्याने मला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, 'बाबा, कुंडीतली माती बदलताना मला काही सापडलं' एवढेच म्हटले. न्यायालयात चौतीस वर्षे काढूनही इतका बिनतोड पुरावा माझ्या पाहण्यात नव्हता. डॉक्टर रागावले नाहीत. 'काका, मळमळते हे फोनवर सांगितलं असतंत तर एका वाक्यात काम झालं असतं,' असे म्हणाले. आणि खरोखरच ते एका वाक्याचेच काम होते: अर्ध्या मात्रेने आरंभ करायचा, गोळी भरल्या पोटी घ्यायची, आणि आठवड्याने पूर्ण मात्रेवर यायचे.

मळमळ का होते, याचे उत्तर मला पुढे त्यांनीच दिले आणि ते ऐकून माझा त्या गोळीवरचा निम्मा राग उतरला. ज्या सेरोटोनिनचे नाव आपण मेंदूशी जोडतो त्याचा सुमारे नऊ दशांश साठा आतड्यांत असतो. गोळी मनाकडे निघालेली असली तरी वाटेत पोटाचे मोठे गाव लागते आणि तिथे तिची ओळख फार. थोड्या दिवसांत आतडी या नव्या पाहुण्याला सरावतात. बहुतेकांची मळमळ, डोकेदुखी आणि सुरुवातीची ती अस्वस्थ धडधड एक-दोन आठवड्यांत ओसरते. या औषधांचा खरा जाच त्यांच्या हप्त्यांच्या उलट्या क्रमात आहे. त्रास पहिल्या दिवसापासून वसूल होतो आणि गुण दोन ते सहा आठवड्यांनी हाती पडतो. एरवी धडधाकट माणूस या सौद्यास कबूल होईल. पण ज्याला उद्याचाच भरवसा वाटत नाही त्याच्याकडे आपण महिनाभराची उधारी मागत असतो, हे त्याच्या घरच्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. कोणता त्रास मुदतीचा आहे आणि कोणता कायम वस्तीस येणारा आहे, हे पहिल्या दिवशी सांगितले गेले तर ही उधारी पुष्कळ सुसह्य होते.

साध्या उपद्रवांचे साधे इलाज पुस्तकात विस्ताराने आले आहेत. त्यांची पुनरुक्ती न करता इथे नुसता उल्लेख करतो. झोप उडवणारी गोळी सकाळी, झोप आणणारी रात्री. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक औषधांनी तोंडाला कोरड पडते, तेव्हा घोटघोट पाणी आणि दातांची निगा, कारण लाळ आटली की दात किडतात. बद्धकोष्ठावर इसबगोल, भाज्या, चालणे. अंथरुणातून एकदम उठल्यास भोवळ येते म्हणून आधी कडेला बसून मग उभे राहणे. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाने लघवी अडल्यास संकोच न करता त्याच दिवशी कळवावे. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढते, आणि गंमत अशी की कमी मात्रेत त्याची गुंगी अधिक जाणवते; ही उलटी रीत ठाऊक नसल्याने कित्येक जण झोप फार येते म्हणून आपल्याच मनाने गोळी अर्धी करतात आणि अधिकच पेंगतात. गोळी 'उष्ण पडते' ही आपल्याकडची तक्रार मात्र डॉक्टरांनी हसून घालवू नये. तिच्याआड बहुधा रात्रीचा घाम, छातीतली जळजळ किंवा हातापायांची आग असते. घाम हा तर या औषधांचा मान्य उपद्रव आहे. भाषा वेगळी म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

आता ज्या विषयावर आपल्या समाजात नवराबायकोही एकमेकांशी धड बोलत नाहीत, त्याविषयी. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम या कुळातील औषधांनी कामेच्छा मंदावते व तृप्तीला विलंब लागतो किंवा ती येतच नाही. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की याच कुळातील डॅपॉक्सेटिन हे अल्पकाळ टिकणारे औषध शीघ्रपतनावर दिले जाते. एकाचा उपद्रव तो दुसऱ्याचा उपचार, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. १९९७ साली स्पेनमधील ३४४ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपण होऊन ही तक्रार सांगणारे शंभरांत १४ निघाले, आणि डॉक्टरांनी सरळ प्रश्न विचारल्यावर होय म्हणणारे ५८. या दोन आकड्यांमधल्या अंतरात आमच्या पुस्तकाचा सारा विषय सामावला आहे. ते चव्वेचाळीस लोक प्रश्नाची वाट पाहत होते. स्पेनमध्ये हे प्रमाण, तर ज्या दवाखान्यात रोग्याच्या डाव्या बाजूस सासरे आणि उजव्या बाजूस मेहुणा बसलेला असतो तिथे काय असेल? मात्रा कमी करणे, औषध बदलणे, बुप्रोपिऑनसारखे या बाबतीत निरुपद्रवी औषध योजणे, असे मार्ग असतात; क्वचित हा त्रास औषध थांबल्यावरही रेंगाळतो, हेही लपवू नये. पण त्यासाठी डॉक्टरांनी नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसवले पाहिजे. पुस्तकाच्या लेखकांनी ही सूचना ठळक टाइपात छापली आहे आणि ते मला पसंत आहे.

एक उपद्रव असा आहे की त्याला उपद्रव म्हणावे की नाही याचाच निर्णय होत नाही. माझे थोरले बंधू गेले तेव्हा मी औषधावर होतो. तेरा दिवस मी सर्व व्यवस्था चोख ठेवली. भटजींच्या यादीतली एक समिधा कमी पडू दिली नाही, आल्यागेल्याचा हिशेब ठेवला, आणि डोळ्यांतून टिपूस काढले नाही. लोकांनी मला धीराचा म्हटले. मला मात्र आपण काचेच्या अलीकडे बसून पलीकडचे कार्य पाहत आहोत असे वाटत होते. दुःख आहे हे कळत होते, पोचत नव्हते. ही भावनांची बधिरता अनेक रोग्यांना जाणवते, आणि पूर्वीच्या यातनेपुढे ती इतकी बरी वाटते की तिच्याविरुद्ध बोलणे कृतघ्नपणाचे वाटते. पुष्कळ महिन्यांनी मी ती डॉक्टरांच्या कानावर घातली, त्यांनी मात्रा थोडी उतरवली. पुढे दीडेक महिन्याने जुनी कपाटे आवरताना बंधूंच्या हातचे एक पोस्टकार्ड सापडले, ज्यात त्यांनी मला फक्त हापूसची पेटी कोणत्या गाडीने पाठवली एवढेच कळवले होते, आणि ते हातात धरून मी अर्धा तास रडलो. सूनबाई घाबरल्या; त्यांना वाटले, आजार उलटला.

मुदतीचा त्रास सोसावा, पण काही लक्षणांस मुदत नाही. वृद्धांना, त्यातही रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना, पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील सोडियम उतरून भ्रम, तोल जाणे, सुस्ती येऊ शकते. घरचे त्याला म्हातारचळ समजतात, आणि साधी रक्ततपासणी राहून जाते. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक वा आयबुप्रोफेन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण दोहोंनी मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक या औषधांच्या जोडीस आले आणि ताप, घाम, थरथर, स्नायूंचे आखडणे व गोंधळ सुरू झाला, तर ती रुग्णालय गाठण्याची वेळ होय. खिन्न माणूस चार दिवसांत अतिउत्साही झाला, झोपेवाचून चालू लागला, पैसे उधळू लागला, तर घरच्यांनी पेढे वाटू नयेत. आजाराची दुसरी बाजू उघडी पडली असण्याचा संभव असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: कोवळ्या वयात, आरंभीच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलताना, एका जागी बसवत नाही अशी तगमग आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी तशी चौकटीतील ताकीद औषधांवर छापण्यास लावली आणि २००७ साली ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसही लागू केली. या ताकिदीचा अर्थ औषध देऊ नये असा नव्हे. पहिले काही आठवडे त्या मुलावर डोळा ठेवावा, त्याच्याशी बोलावे आणि असा विचार दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, असा आहे. रात्रीबेरात्री कोणीच सापडले नाही तर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

राहिला प्रश्न थांबण्याचा. 'गोळ्यांची सवय लागते' हे आपल्याकडचे लोकमत आहे आणि त्याला बरीच वर्षे 'मुळीच नाही' हे उत्तर मिळत आले. दोन्ही उत्तरे अपुरी. या औषधांची तलफ येत नाही, मात्रा चढवत न्यावीशी वाटत नाही, तेव्हा दारूच्या अर्थाने ते व्यसन नव्हे. परंतु शरीर त्यांच्याशी जुळवून घेते आणि ती एकाएकी काढून घेतल्यास भोवळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होते. पॅरॉक्सेटिन व व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांची एखादी गोळी चुकली तरी कित्येकांना समजते. फ्लुओक्सेटिन आणि त्याचे अवशेष आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात, म्हणून त्याचा निरोप सौम्य असतो. हा त्रास किरकोळ असून आठवडाभरात मिटतो, असे ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शिकेत लिहिलेले होते. रोगी सांगत राहिले की आमचा महिनोन्‌महिने मिटत नाही. अखेर २०१९ साली तेथील मनोवैद्यांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली, काहींना हा त्रास तीव्र व दीर्घ होतो असे मान्य केले, आणि मार्गदर्शिकेचे शब्दही त्याच वर्षी दुरुस्त झाले. नॉटिंगहॅमच्या पत्रानंतर छप्पन वर्षांनी तोच खटला पुन्हा चालला आणि पुन्हा फिर्यादीच्याच बाजूने लागला. मात्रा आणि मेंदूवरील तिची पकड यांचे प्रमाण सरळ रेषेत चालत नाही. वरच्या मात्रा उतरवताना पकड थोडीच सैल होते आणि शेवटच्या बारीक तुकड्यात ती एकदम सुटते. म्हणून जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या सर्वांत सावकाश उतराव्या लागतात. मला त्या उतरायला पाच महिने लागले. बरे वाटू लागल्यावरही सहा-नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते, ते वेगळेच. या काळात जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर गोळ्या आणत राहणे आणि डॉक्टरांचे तोंडही न पाहणे, हा आपल्याकडचा रिवाज मला गोळी सोडण्याइतकाच घातक वाटतो.

पुस्तकाच्या अखेरीस आखलेली बारा पाने कोरी ठेवली आहेत. प्रकाशकांना तो कागदाचा अपव्यय वाटला, आणि त्यांच्याशी माझा थोडा वाद झाला. कचेरीत आवक-जावकीची बारनिशी असते; तीत चढल्याखेरीज कोणताही अर्ज आला असे मानत नाहीत. रोग्याच्या त्रासाचीही अशी बारनिशी असावी, तारीख, मात्रा, काय झाले, केव्हा झाले, डॉक्टर काय म्हणाले, एवढे पाच रकाने, म्हणजे तपासणीच्या खोलीत मिळणाऱ्या चार मिनिटांत आठवणीवर विसंबावे लागत नाही आणि कोणा नातेवाइकाला आपल्या वतीने बोलू द्यावे लागत नाही. नमुन्यादाखल माझ्या वहीचे एक पान तिथे छापावे असे लेखकांनी सुचवले. मी हो म्हणून, गोळी पुन्हा सुरू केल्यापासूनची वही काढली आणि बराच वेळ चाळत बसलो. पहिल्या दोन आठवड्यांत नुसते शरीर आहे: मळमळ, जुलाब, कंप, पुन्हा मळमळ. मग सोळाव्या दिवसाची नोंद येते, आणि छापण्यासाठी मी तेच पान दिले आहे: तोंड कोरडे. मळमळ नाही. सकाळच्या चहात आले फार झाले होते, तसे सूनबाईंना सांगितले.